गळाला लावायचा मासा

आई, परवा बाबांना समुद्र दाखवायला नेलं. तू गेलीस त्याला आता इतकी वर्षं झाली की माझी मुलगी, जिला तू पाहिलंच नाहीस, यंदा गाडी चालवायला शिकली. वाटेत थोडा वेळ तिनेच ड्राइव्ह केलं. बाबा मागे बसले होते, मांडीवर टोपी, आणि मधूनमधून विचारत होते, ‘अजून टेक्सासच का?’ अजून टेक्सासच होतं.

समुद्र दाखवायचं कारण सांगते. गेल्या पावसाळ्यात ते वेंगुर्ल्याच्या घरी न्हाणीत पडले. पडले सकाळी, शेजारच्या काकूंना हाक ऐकू गेली दुपारी. त्यानंतर मी त्यांना इकडे अर्विंगला, आमच्या घरी घेऊन आले. परतीचं तिकीट या महिनाअखेरचं होतं आणि मला ते कॅन्सल करायचं होतं. ते वाद घालत नाहीत. एवढंच म्हणतात, ‘तुमच्याकडे सगळं आहे गं. समुद्र नाही.’ नळाला पाणी नसावं, तशी एक गैरसोय सांगितल्यासारखं. म्हणून मी नकाशात खाली, अगदी दक्षिणेला, मासेमारीचं एक गाव शोधलं.

शेवटच्या टप्प्यात रस्त्याला घर नाही, सावली नाही. वाळू, काटेरी झुडपं, तारेचं कुंपण आणि ऊन. एका ठिकाणी कुंपणापलीकडे नीलगाय उभी होती. खरीच नीलगाय. फार पूर्वी कुणीतरी आणून सोडल्या, त्या इथे वाढल्या. बाबांनी काच खाली करायला लावली. ‘हिला व्हिसा कोणी दिला?’ मुलगी हसली. ‘आजोबा, शी वॉज बॉर्न हिअर.’ ‘मग ठीक आहे,’ बाबा म्हणाले आणि काच वर गेली.

गाव म्हणजे खांबांवर उभी काही घरं, एक धक्का, बंद पडलेलं एक हॉटेल. पाणी उथळ, तपकिरी. लाट नाही. लांबवर एक माणूस गुडघाभर पाण्यात गळ टाकून उभा होता आणि तिथवर सगळं तेवढंच खोल असावं. बाबा कठडा धरून उभे राहिले. मी पाण्याकडे नाही, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ‘खाडी आहे ही,’ ते म्हणाले. मी सांगितलं, समुद्र त्या वाळूच्या पट्टीपलीकडे आहे, बोटीने जावं लागतं. ‘असेल,’ ते म्हणाले.

धक्क्यावरच्या दुकानात बर्फावर बोय मासे मांडले होते. आई, बोय. मी एकदम आपल्या मासळीबाजारात असते. अजून शाळेत शिकते आहे, तू पहिल्यांदाच मला निवडायला सांगितलं आहेस, आणि मी चकचकीत डोळ्यांचा मासा उचलते. सगळ्यांसमोर तू तो माझ्या हातातून घेऊन परत टोपलीत टाकतेस. ‘डोळ्यांना काय भुलतेस? कल्ले उघड.’ मासेवाली हसते. मला रडू येतं. बाबा पिशवी धरून लांब उभे असतात. त्यांना मासा फक्त ताटात ओळखता येतो, असं तू म्हणायचीस.

मी कल्ले उघडले. लाल होते. दुकानातली बाई, उन्हाने रापलेली, माझ्याहून मोठी, कुठे गळ टाकणार म्हणून विचारत होती. मी म्हटलं, खायला हवेत. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांच्या चपलांकडे. ‘हनी, दॅट्स बेट.’ बेट म्हणजे आमिष; तिच्या दुकानात हे मासे खाण्यासाठी नसतात. कापून गळाला लावतात, त्याच्यावर मोठा मासा धरतात. आमच्यावर वाईट दिवस आलेत असं तिला वाटलं असावं. आत तिच्या घरासाठी ठेवलेला मोठा मासा आहे, तो असाच न्या, म्हणाली. बाबांनी विचारलं, काय म्हणते? मी सांगितलं. ते बर्फाकडे बघत राहिले. ‘तिला सांग, आमच्याकडे हा पाहुण्यांना वाढतात.’ मी बोलायच्या आत मुलगीच म्हणाली, ‘वी ईट दीज, मॅम. माय ग्रँडमदर मेड देम.’ तिने तुझ्या हातचं कधी खाल्लेलं नाही.

भाड्याच्या खोलीत शेगडी होती. मसाला मी घरून नेला होता. बाबा येऊन शेजारी उभे राहिले, तुझ्या स्वयंपाकघरात कधी राहिले नाहीत तसे. ‘पोटातली काळी साल काढ,’ म्हणाले, ‘नाहीतर चिखलाचा वास येतो. तुझी आई ती नखाने खरवडायची.’ ते तुला बघत असत, हे मला माहीत नव्हतं. मी नखाने खरवडलं. कालवण तुझ्यासारखं झालं नाही, इथे मिळतात ती आमसुलं कोरडी असतात. मुलगी काट्यांना घाबरत थोडंसं खाऊन उठली. बाबा पोटभर जेवले.

तेव्हा मी विचारलं. त्यासाठीच तर इतक्या लांब आले होते. ‘बाबा, तिकीट कॅन्सल करू? इथे येत जाऊ आपण मधूनमधून.’ ते बोटांनी काटा वेगळा काढत होते. मान वर न करता म्हणाले, ‘बरं.’

त्यांचं हे ‘बरं’ तुला माहीत आहे. मी अमेरिकेला जाते म्हटलं तेव्हाही, तुझ्यासमोर, ते एवढंच म्हणाले होते. आणि नंतर कित्येक आठवडे तू फोनवर सांगत होतीस की ते नीट जेवत नाहीत. मी आणखी एकदा विचारू शकले असते. मनापासून म्हणताय का, इतकंच. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी ताटं उचलली.

आज सकाळी तिकीट कॅन्सल केलं. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, चांगलं केलंस. आता ते बाहेर खुर्चीत बसले आहेत आणि मी हे लिहिते आहे. आई, तुझं उत्तर येण्यासारखं असतं, तर मी तुला हे कळवलं नसतं.