डाव्या कुशीचा पट्टा

प्रिय धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. फोनवर आपण हवापाण्यापलीकडे जात नाही, आणि मला तोंडाने नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितेय.

संग्रहालयातून फोन आला होता. बाबांचं चिलखत त्यांना हवंय. ज्या जुन्या चिलखतावरून बाबांनी ते बनवलं, त्याच्याच शेजारी ते उभं करणार आहेत, म्हणजे काचेतल्या खऱ्याला नाही तर निदान याला लोकांना हात लावता येईल. मी हो म्हटलं. त्यासाठी मागच्या शेडचं कुलूप बाबा गेल्यानंतर चौदा महिन्यांनी काढावं लागलं. किल्ली फिरेना, तेल घातलं. आत पत्रा ठोकून वळवायला खोलगट केलेला ओंडका तसाच, त्यावर हातोडा तसाच. भिंतीला बुटांच्या खोक्यांमधून कापलेले पुठ्ठ्याचे नमुने टांगलेले. आधी पुठ्ठा अंगाला लावून बघायचा, मगच पत्र्याला हात लावायचा, हा त्यांचा नियम तुला आठवत असेल. आयुष्यभर लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांचा वाकडा पत्रा सरळ केला, आता निवृत्तीनंतर चांगला सरळ पत्रा वाकडा करतोय, असं येईल त्याला सांगायचे.

छातीचा पत्रा टेबलावर होता. डाव्या कुशीचा पट्टा तू कापलास तसाच लोंबत होता. तू घरी का येत नाहीस ते त्या पट्ट्यात आहे. हे आपल्या दोघांनाही माहीत आहे आणि दोघांनीही तो विषय कधी काढलेला नाही.

आज काढते. त्या दिवशी बाबा लोकांना चिलखत घालून चालून दाखवणार होते, त्या प्रात्यक्षिकाला मी त्यांच्या उजवीकडे होते, तू डावीकडे. पायापासून एकेक भाग चढवत वर आलो. छातीचा आणि पाठीचा पत्रा एकमेकांवर खडखडत होते म्हणून तू पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढलास. बाबा वीस पावलं चालले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग ते पायरीवर बसले आणि कलंडले. बक्कल तुझ्या बोटांना निघेना, तू चाकूने पट्टा कापलास. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की हृदयाची नळी बऱ्याच वर्षांपासून बंद होत आली होती, घरी पलंगावरही हेच झालं असतं. तू ऐकलंस, मीही ऐकलं. तेवढ्याने मनातलं जागचं हललं नाही.

तर पट्टा नवा करायला हवा होता. आपल्या कोपऱ्यावर बॅगा दुरुस्त करणाऱ्या बाई बसतात, त्यांच्याकडे कापलेले दोन्ही तुकडे नेले. त्यांनी तुकडा बोटांवर वाकवला, उजेडात धरला आणि म्हणाल्या की हा पट्टा रोजच्या वापरातला दिसतो, आणि कायम शेवटच्याच भोकात लावलेला. तिथे बक्कलची खोल वळी पडली होती. बाकीची भोकं नव्यासारखी. मला एकदम अंगण आठवलं. सकाळी सवय व्हावी म्हणून नुसती छाती-पाठ चढवून बाबा अंगण झाडायचे, शेजारी कुंपणावरून विचारायचे की आज कुणाशी लढाई. तो एकच पट्टा त्यांना स्वतःच्या हाताने लावता यायचा. तेव्हा तू तुझ्या गावी, मी ऑफिसच्या घाईत. ते कुठल्या भोकात लावतात हे आपण कधी पाहिलंच नाही.

बाई म्हणाल्या, अंगावर चढवल्याशिवाय मी भोकं पाडणार नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी त्या घरी आल्या. घालायला मीच होते. तू माझ्या रुंद खांद्यांना हसायचास ना, ते खांदे कामाला आले. मी बाबांसाठी शिवलेला कापूस भरलेला जाड अंगरखा आधी घातला. त्याला अजून तेलाचा आणि त्यांच्या घामाचा वास आहे. वरून छाती-पाठ. खांद्यांवर वजन पडलं, मग कमरेवर बसलं आणि निम्मं झालं. बाईंनी नवा पट्टा ओढला. मी म्हटलं आणखी ओढा. त्यांनी ओढला. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी गुडघा लावला आणि वैतागल्या.

"अहो ताई, लोखंड लोखंडाला टेकलं. आता काय पत्रा कातरू?"

मी हात घालून चाचपलं. पाठीच्या पत्र्याला आतून एक जाड रिव्हेट आहे. छातीच्या पत्र्याची कड तिथे अडते. त्यापुढे पट्टा कितीही ओढा, छाती आवळत नाही. बाबांनीच ते ठोकून ठेवलंय. मी पोटभर श्वास घेतला. आत जागा होती. मग माप घेतानाची ती संध्याकाळ आठवली. बाबा छाती फुगवून उभे, टेप तुझ्या हातात, आणि तू म्हणतोयस की पोट आत घ्या. ते म्हणाले होते, पोट आत घेऊन माप दिलं तर जेवल्यावर मला डब्यासारखं उघडावं लागेल. पुठ्ठ्यावर त्यांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय: 'श्वासाला चार बोटं सोडणे.' भिंतीवरच होतं. तुझ्या-माझ्या नाकासमोर.

मी तशीच बाईंसाठी चहा करायला गेले. वाकून साखरेचा डबा काढता येईना, तो त्यांनीच काढून दिला. मी का हसतेय हे त्यांना कळलं नाही. मला तरी कुठे कळत होतं. त्या दिवसापासून मी नीट झोपतेय.

आता मूळ गोष्ट. हॉस्पिटलच्या बाकावर तू मला विचारलं होतंस, "ताई, फार घट्ट झाला होता का गं?" मी ऐकलं होतं. ऐकू न आल्यासारखं केलं, पर्समधले कागद लावत बसले. कारण मलाही तेच वाटत होतं, धाकट्या. चौदा महिने वाटत होतं. तू ते माझ्या चेहऱ्यावर वाचलंस आणि गेलास. त्याबद्दल मला माफ कर. तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हे पत्र लिहिलंय. नाही, घट्ट झाला नव्हता. तू त्यांच्या रोजच्याच भोकात लावला होतास. महिनाअखेरीस संग्रहालयाची गाडी येईल. त्याआधी सगळं एकदा त्यांनी पाठवलेल्या पुतळ्यावर चढवून बघायचंय, आणि त्याला दोन माणसं लागतात. मी उजवीकडे उभी राहीन.

तुझीच,
ताई