मधला पूल

४ मे १८९१
आज इस्टेटीवर पोहोचलो. जागा पाहून जीव हरखला! बागेत तीन दगडी पूल, नुसते शोभेचे. ओढा गुडघाभर आणि कमानी दोन पुरुष उंच. श्रीमंतांचे चोचले! मधल्या पुलाची कमान ढासळली आहे, ती मालकांच्या लग्नाआधी उभी करायची. मातेइ मालक तरुण, बोलायला गोड. स्वयंपाकीण झाम्फिरा मात्र फटकळ. मक्याचा घाटा आणि मेंढीचं चीज वाढताना म्हणाली, “निस्तोरदादा, हाडांवर थोडं मांस चढू द्या, नाहीतर सावली कशाची पडायची तुमची?”

११ मे
माप बरोबर, चुना चांगला, तरी बसवलेला दगड दुसऱ्या दिवशी सुटलेलाच. लाज वाटते. आज मालक स्वतः आले. आलुबुखाराची दारू पाजली, पुलावर उन्हात उभं करून घरच्यांची चौकशी केली. कारभारी माझ्या मागे वेताची काडी घेऊन काहीतरी खुडबुडत होता. मग मालकांनी मेणाने बंद केलेली नळी दिली. चर्चमधला पवित्र पाव आहे म्हणाले, मधल्या दगडाखाली ठेव. आम्ही गवंडी असं काही ठेवतोच. ठेवली आणि वर चुना लिंपला.

१९ मे
पूल आता हलत नाही. मीच खिळखिळा झालोय. चार पायऱ्या चढलो तरी धाप लागते. झाम्फिराला नळीचं सांगितलं, तशी तिने हातातली पळी आपटली. “पाव कसला, मेल्या! तुझी सावली मोजून काडी कापली त्यांनी! माझ्या बहिणीची, साफ्ताची, ह्या मातेइच्या बापाने अशीच चिणली. ती काडी कुजली, म्हणून तुला बोलावलं.”
ज्याची सावली चिणली तो महिना-दीड महिन्यात जातो आणि पूल उभा राहतो, हे मला काय ठाऊक नव्हतं? आमचे म्हातारे वाटसरूंच्या सावल्या अशाच चोरायचे. मी त्यांना हसायचो. आता माझ्याच हाताने मला लिंपून बसलो.

२७ मे
दगड उकरला. आत एक काळी, कुजकी काडी. शेजारी माझी. उपसून उपयोग नाही. झाम्फिरा म्हणते, एकदा लिंपली की ती पुलाची. उन्हात उभा राहिलो. पायाशी काहीच नाही.

५ जून
परवा लग्न, वरात ह्याच पुलावरून जाणार. मी जाणारच, तर एकटा का जाऊ? कमान आता एका लाकडी पाचरीवर ठेवली आहे. एक घाव बस्स. झाम्फिराला बजावलं, पुलावर पाय ठेवू नकोस. ती म्हणाली, “माझ्या साफ्ताच्या नावाचाही एक घाल.”

७ जून
कमानीखाली आहे. वाजंत्री जवळ आली — मातेइ पुढे — हसतोय. हस, हस —
त्याच्या हाताला नवरी. कोवळी पोर. तिने काय केलंय —
समोर दगडावर ऊन. त्यात माझी सावली! परत आली — आणि मागे आणखी एक, बाईची — माझ्या सावलीचं मनगट धरून —
नाही. पोर आहे ती. नको, साफ्ता —
हातोडा मी खाली ठेवला. हा बघ, ठेवला —
सावलीने नाही ठेवला. तिने तो उगार