देवघरातली घंटा

३ फेब्रुवारी, सकाळी ६
आजपासून एक लाख नामजप. रोज पाच हजार, वीस दिवस, मग कायमची मनःशांती. माळ हातात असताना उठायचं नाही. मला अक्षर येत नाही म्हणून नात लिहून घेते. ताकीद दिलीय, पदरचं काही घालायचं नाही.
आमच्या ह्यांचा पाय प्लॅस्टरमध्ये. मला बोलवायला देवघरातली घंटा त्यांच्या उशाशी ठेवली. देवाला काय, मनातलंही ऐकू येतं.

५ फेब्रुवारी
जप अकरा वेळा मोडला. पाणी. चष्मा. पंखा वाढव. पंखा कमी कर. शेवटी तर घंटा वाजवून विचारलं, जप कसा चाललाय?

६ फेब्रुवारी
आज सुनावलं. पन्नास वर्षं तुमचं ऐकलं, आता वीस दिवस देवाचं ऐकू द्या. ह्यांनी तोंड भिंतीकडे केलं. लागलं असेल. लागू दे.

७ फेब्रुवारी, दुपारी
घंटा एकदाही नाही! पाच हजार एका बैठकीत. इतक्या लवकर फळ मिळेल असं वाटलं नव्हतं.

११ फेब्रुवारी
घर कसं निवांत. ह्यांचं ताट भरलेलंच परत येतं. नात काळजी करते. वेडी. अन्नावरची वासना उडाली, संगतीचा परिणाम. मुलाने फोनवर विचारलं, बाबा का बोलत नाहीत? म्हटलं, मौनात आहेत.
पलीकडच्या खोलीत काहीतरी पडलं. माळ अर्ध्यावर होती. मांजर असेल. आमच्याकडे मांजर नाही, असं नात म्हणते. हेही लिहिलंन.

१४ फेब्रुवारी, सकाळी ९
नात धावत आली, आजोबांचं तोंड एका बाजूला गेलंय. म्हटलं, हसत असतील. जन्मात हसले नाहीत, सुरुवात अर्ध्यानेच होणार. डॉक्टरांना बोलवते म्हणाली. म्हटलं, चार माळा राहिल्यात, तेवढ्या होऊ दे. तिने माझ्या हातातली माळ काढून घेतली.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळी, हॉस्पिटल
डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं धड कधी बोलले? नात म्हणाली, काल संध्याकाळी, माझ्याशी. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नातीला वही चाळायला लावली. ह्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं पाच तारखेचं निघालं. जप कसा चाललाय?

१६ फेब्रुवारी
अजून डोळे उघडले नाहीत. घरून घंटा मागवली, ओळखीच्या आवाजाने जागे होतील म्हणून. हलवली तर वाजेना. आतल्या लोलकाला ह्यांचा रुमाल करकचून बांधलेला. गाठ त्यांचीच, बुटाच्या नाडीसारखी दुहेरी.
सोडवायला बराच वेळ लागला. नात मदत करू म्हणाली, नको म्हटलं.
घंटा त्यांच्या चांगल्या हातात दिलीय. खोलीत शांतता आहे, अगदी मला हवी होती तशी. कान लावून बसलेय.