मुळासकट एक केस

४ जुलै

चि. बारकीस,
अ. उ. आ.

खोकं गेल्या महिन्यातच पोचलं. बाटल्यांवर तू स्वतःच्या हाताने एक, दोन, तीन असे आकडे घातलेस ते बरं केलंस, कारण वर जे छापलंय ते वाचायला चष्मा लागतो आणि समजायला भाष्यकार. फोनवर आपलं दोन मिनिटांत भांडण होतं आणि फोनमधून केस पाठवता येत नाहीत. तेव्हा तू म्हणतेस तसा पत्रव्यवहारच बरा.

तुझी आज्ञा अक्षरशः पाळते आहे. बुधवारी आणि शनिवारी साध्या शाम्पूने धुवायचं, टॉवेलने टिपायचं, खसाखसा चोळायचं नाही. ओलसर केसांना एक नंबर, मोजून दहा मिनिटं. मग धुऊन दोन नंबर. ती दहा मिनिटं मी न्हाणीघरात स्टुलावर बसून घड्याळाकडे बघते. तीस वर्षं परीक्षेच्या वर्गात पहारे केले, पण इतका आळशी काटा पाहिला नाही. तू सांगितलंस की केसाच्या आत बारीक बारीक पूल असतात, ब्लीचने ते तुटतात आणि हे बाँड बिल्डर ते पुन्हा सांधतं. चार आठवडे झाले. माझ्या डोक्यावरचे गवंडी बहुधा संपावर आहेत.

मे महिन्यात शाळेच्या पन्नाशीच्या समारंभासाठी डोकंभर तांबूस बटा काढून घ्यायला तुझ्या पार्लरमध्ये आले, तेव्हा कमरेपर्यंत वेणी होती. आता जे आहे त्याला वेणी म्हणणं हा अतिशयोक्ती अलंकार होईल. काल वर्गात फळ्याकडे वळले तर मागच्या बाकावर कोणीतरी केरसुणी म्हणालं. मी ऐकलं नाही असं दाखवलं. व्याकरणाच्या बाईंना तेवढं येतं.

सोबत या आठवड्यातले तुटके तुकडे कागदात गुंडाळले आहेत. तुझे भाऊजी बरे आहेत. न्हाणीघराची मोरी तुंबते तेव्हा त्यांना माझ्या केसांची आठवण होते.

आहे तेवढा लोभ राहू दे. केसांसारखा मध्येच तुटू नये, इतकंच.

तुझी,
ताई


११ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुकडे मिळाले. ओले करून ताणून पाहिले. चांगला केस थोडा ताणला जातो आणि परत जागेवर येतो. तुझा च्युइंगमसारखा लांबत जातो आणि तुटतो. चार आठवड्यांनी इतका फरक तरी पडायलाच हवा होता की मी आनंदाने उडी मारावी. मी उडी मारलेली नाही. शिवाय तुकड्यांवर हिरवट छटा आहे. ती कुठून आली? तुमच्या टाकीचं पाणी कसलं आहे? नळाला गाळणी बसव. आणि पुढच्या वेळी तुकडे नकोत, मुळासकट आख्खा केस पाठव. कंगव्यात येतात तसले. फोनवर सांगितलं होतं, आता दुसऱ्यांदा सांगते आहे.

आता माझं ऐक. मी डोक्याला हात लावून बसले आहे, आणि तो हात माझा राहिलेला नाही. त्या दिवशी ब्लीच लावून बटांना गुंडाळलेली फॉइल चटका बसेल इतकी तापली. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तुझं डोकं बेसिनमध्ये होतं तेव्हाच मी विचारलं की ताई, खरं सांग, कधी कसला रंग लावलास का. तू मान हलवून नाही म्हणालीस. म्हणजे चूक माझी. ब्लीचची पावडर जुनी असेल, माप चुकलं असेल. पावडरचा आख्खा डबा कंपनीला परत पाठवला. त्यांनी तपासून कळवलं की डब्यात काही दोष नाही. एजंटाशी मी कडाकडा भांडले, आता तो दुकानासमोरून जाताना पलीकडच्या फुटपाथवरून जातो.

तुला सांगितलं नव्हतं. इथल्या प्रशिक्षण शाळेने मला शिकवायला बोलावलंय, रंग आणि ब्लीच हा विषय. ऑगस्टच्या मध्यापर्यंत उत्तर हवंय. आणि आत्या सगळ्या नातेवाइकांना फोन करकरून सांगते आहे की धाकटीने सख्ख्या बहिणीच्या डोक्याचा काथ्या केला. ज्या घरात पस्तिशीला सगळ्यांची डोकी पिकली, तिथे एकट्या ताईचे केस जात्याच काळे होते, आणि तेच मी जाळले. खोटं काय बोलते ती?

भाऊजींना नमस्कार. तुझी माया आहे म्हणून लिहिते, नाहीतर हात धजत नाही.

बारकी


२२ जुलै

चि. बारकीस,
अ. उ. आ.

गाळणी बसली. म्हणजे अशी की तुझे भाऊजी शिडीवर चढले, गाळणी बसवताना नळ मुळातून निघाला आणि कारंजं उडालं. प्लंबर येईपर्यंत ते अंगठ्याने भोक दाबून उभे होते. तेवढ्या वेळात त्यांनी तुझं, माझं, बाटलीच्या कंपनीचं आणि मनुष्यमात्राच्या केसांचं नाव घेऊन झालं. आता पाणी स्वच्छ आहे. छटा तशीच आहे.

मुळासकट केस काही सापडत नाही. माझे केस मुळातून सुटत नाहीत, मध्येच मोडतात. हेही तुझ्या शास्त्रात कुठेतरी सांगितलं असेलच. तेव्हा शेंड्याकडचे तुकडेच पाठवते आहे, गोड मानून घे. रंग लावण्याचं तू पुन्हा काढलंस, त्या बाबतीत मला जे सांगायचं होतं ते त्याच दिवशी सांगून झालं आहे.

बाटल्यांचं पथ्य मात्र चोख आहे. रुंद दातांचा कंगवा घेतला, उशीला गुळगुळीत कापड चढवलं, ड्रायर कपाटात कोंडला. घर एखाद्या आजाऱ्यासारखं माझ्या डोक्याभोवती चालतं. पण तेव्हा समारंभाच्या फोटोत शेवटच्या रांगेत खांबाआड उभी राहिले. मी आजवर खांबाआड उभी राहिले नव्हते ग.

आत्याचं मनावर घेऊ नकोस. ती सगळ्यांनाच काही ना काही म्हणते. शिकवायचं तेवढं हो म्हण. आपल्या घरात एक मास्तरीण आहेच, दुसरी झाली तर शिस्त वाढेल.

लोभात खंड नको.

ताई


२ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी हो म्हणणार नाही. नकाराचं पत्र लिहून ठेवलं आहे, पंधरा तारखेच्या आत टाकीन.

गेल्या मंगळवारी एक नेहमीची बाई आली. साधं काम होतं, कपाळावरच्या दोन बटा. पावडर कालवली, ब्रश उचलला, पण हात बटेपर्यंत जाईना, तो पुन्हा वाटीत ठेवला. दुसऱ्या खुर्चीवरच्या मैत्रिणीला म्हटलं, तू कर. तेव्हापासून ब्लीचची सगळी कामं तीच करते. मी कापते आणि धुते. वीस वर्षांनी पुन्हा धुण्यावर आले.

तुझी पत्रं हसवतात, पण हसून झालं की राग येतो. एक गोष्ट मनातून जात नाही. बाहेरची कुठलीही बाई आली, अगदी बारा वर्षं येणारी असली तरी, मी आधी तिच्या केसाची बारीक बट कापून कपातल्या ब्लीचच्या द्रावणात बुडवून बघते. उकळी आली, कप तापला तर काम बंद. माझा नियम आहे तो. तुझी बट मी बुडवली नाही. म्हटलं, ताईची काय बघायची! एकदाच नियम मोडला आणि तोही तुझ्यावर. असल्या बाईने इतरांना काय शिकवावं?

बाटल्या संपत आल्या असतील. आणखी पाठवते. उपयोग होईल असं मात्र आता म्हणवत नाही.

बारकी


६ ऑगस्ट

चि. बारकी,

नकाराचं पत्र टाकू नकोस. टाकलं असशील तर जाऊन परत माग.

मी रंग लावते. चौदा वर्षं लावते आहे. पुडीतली काळी पावडर, चिनी मातीच्या वाटीत कालवून, दर दुसऱ्या रविवारी न्हाणीघराला आतून कडी लावून. चाळिशीला पहिली बट पांढरी झाली तेव्हा आई होती. आल्यागेल्याला ती सांगायची की माझी थोरली बघा, एक केस पिकला नाही. तिला एकदा खरं वाटू दिलं, आणि मग ते खरं ठेवत बसावं लागलं. आई गेल्यावर थांबता आलं असतं. तोवर मला स्वतःलाच ते पटायला लागलं होतं. आचरण शुद्ध असलं की केस पिकत नाहीत असं मी एकदा शिक्षकांच्या खोलीत म्हणाले आहे. हसू नकोस. हसलीस तरी चालेल.

बेसिनमध्ये डोकं असताना तू विचारलंस आणि मी मान हलवली. तेव्हा सांगायला हवं होतं. डोकं धगधगत होतं तरी सांगितलं नाही. पुढे दोन महिने तू डबे परत पाठवत होतीस, माणसांशी भांडत होतीस, आणि मी तुला नळाचे किस्से लिहीत होते.

आणि हे सगळ्यात वाईट. मी थांबलेले नाही. बुधवार-शनिवार तुझ्या बाटल्या, आणि दर दुसऱ्या रविवारी भांगात आणि कानशिलाला ती पुडी. धुताना ते पाणी सगळ्या केसांवरून वाहतं. तू पूल बांधत होतीस आणि मी खालून खांब पोखरत होते. मुळासकट केस पाठवला असता तर मुळाशी तांदळाएवढं पांढरं आणि त्यापुढे पुडीचं काळंभोर दिसलं असतं, आणि त्यावरून शेवटची पुडी कधी लावली ते तुला मोजता येतं. म्हणून तुकडे पाठवले.

तू माझी बट बुडवली नाहीस ती चूक नव्हती. मला त्याच्याकडे चूक म्हणून बघवत नाही.

वाटी आज फोडली.

ताई


१० ऑगस्ट

ताई,

नमस्कार या पत्रापुरता राखून ठेवते.

पत्र दुकानात वाचलं, गिऱ्हाईक खुर्चीत असताना. तिने विचारलं की कोणी गेलं का. म्हटलं, नाही, आमची ताई खोटं बोलली. ती म्हणाली की एवढंच ना. तिला काय माहीत.

त्या पुडीत धातूचे क्षार असतात. ब्लीच लागलं की ते तापतात. हिरवी छटा त्यांचीच. शिकाऊ पोरीलाही हे कळतं. मला कळलं नाही, कारण मी तुझ्या मानेवर विश्वास ठेवला. चौदा वर्षांची पुडी मी सोडून देईन. हे दोन महिने सोडायला मला वेळ लागेल.

आता काय करायचं ते ऐक, आणि या वेळी भाष्य नको. एक, आत्याला तू स्वतः फोन करायचास. दोन, भाऊजींना सांगायचंस. तीन, खांद्याखालचं सगळं कापून टाकायचं. मेलेला शेंडा कुठलीही बाटली जिवंत करत नाही, बाँड बिल्डरने उरलेला केस धरून राहतो एवढंच. बाटल्या चालू ठेव. पुडी बंद.

शाळेला मी होकार कळवला. पहिल्याच तासाला कप आणि बट घेऊन उभी राहणार आहे. तुझा किस्सा सांगणार. नाव घेणार नाही, नातं सांगणार.

बारकी


२१ सप्टेंबर

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तिन्ही आज्ञा पाळल्या. आत्याला फोन केला. तिने सगळ्यात आधी पुडी कुठल्या रंगाची होती ते विचारलं. आता ती सगळ्यांना फोन करते आहे, या वेळी माझ्याबद्दल. ऐकून घेते आहे.

तुझ्या भाऊजींना सांगायला चार दिवस लागले. त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं आणि मला विचारलं की चौदा वर्षं आपल्या घरात नवे टॉवेल नेहमी काळपट रंगाचेच का येतात, हे कधी मनात आलं नाही का. मला खरंच आलं नव्हतं. टॉवेल तेच आणतात.

केस खांद्यापर्यंत कापले. कोपऱ्यावरच्या बाईने कापले, वाकडे कापले. तू कापले असतेस तर बरं झालं असतं, पण तू बोलावलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. काल ओला केस तू सांगतेस तसा ताणून पाहिला. ताणला, आणि बराचसा परत आला. पूर्ण नाही. भांगात दोन्ही बाजूंना पांढरी रेघ आहे. वर्गात पहिल्या दिवशी सगळे बघत होते, दुसऱ्या दिवशी निम्मे. आज कोणी बघितलं नाही, याचाही मला थोडा राग आला.

तुझा पहिला तास झाला असेल. मुली हसल्या का ते कळव. तुझा हात कसा आहे तेही.

तू दोनदा मागितलेली वस्तू सोबत आहे. कंगव्यात आला, मुळासकट. मुळाकडून अंगठ्याच्या नखाएवढा पांढरा आहे. तिथवर मी काही लावलेलं नाही. पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस. आधी कपात बुडवून बघ.

मग जमलं तर लोभ कर.

तुझी,
ताई

सोबत : केस, एक.