आत्याला कामावरून काढण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

रविवार, दुपार
मुक्काम: हॉल, चिकटपट्टीच्या अलीकडे

तीर्थस्वरूप आत्यास,

दाराच्या अलीकडून साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे शब्दशः घे. तुझ्या दाराखालची फट इतकी अरुंद आहे की पत्र आत सरकवायला माणसाला आडवंच व्हावं लागतं.) तुझी तब्येत बरी असावी. सकाळी शिंकलेली ऐकू आलीस म्हणून विचारतोय. आमच्याकडे, म्हणजे तुझ्या दारापासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत, सगळं क्षेमकुशल आहे. तुझ्या कुंडीला पाणी घातलं. ती पट्टीच्या पलीकडे, तुझ्या हद्दीत येते हे मला माहीत आहे, म्हणून लांबून घातलं. थोडं सोफ्यावर पडलं.

"प्रतिस्पर्धी कंपनीशी यापुढे जे काय बोलायचं ते लेखी" असं तू जाहीर केलंस, म्हणून हा पत्रप्रपंच. तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून लिहितो. कारण आपल्या स्ट्रॅटेजीच्या मॅडम म्हणतात की समोरच्याला माहीत असेल असं धरून चालणारे लोकच बुडतात. आणि दुसरं म्हणजे, तू तुझी बाजू बाबांना फोनवर सांगितलीस, माझी बाजू कुठेतरी कागदावर असलेली बरी.

तर तू विम्याच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर बसत आलीस, आणि दर वेळी बढती पदवीवाल्या कुणातरी पोराला मिळत गेली. एक दिवस तू पर्स टेबलावर आपटून म्हणालीस, "मी पण एमबीए करते." मी तेव्हा तुझ्याकडे राहून कॉलेज संपवलं होतं आणि पुढे काय हा विचार करत होतो (तुझ्या भाषेत, लोळत होतो). तू म्हणालीस, "एकटीला लाज वाटेल. तू पण चल." अशा रीतीने विद्यापीठाच्या संध्याकाळच्या वर्गात आत्या आणि भाचा एका बाकावर बसले. पहिलं सत्र तू मला डब्यातलं निम्मं दिलंस आणि मी तुला संख्याशास्त्रातलं निम्मं दिलं. झकास चाललं होतं.

मग दुसऱ्या सत्रात मॅडमनी तो खेळ आणला. वर्गाचे गट पाडायचे. प्रत्येक गट म्हणजे चाकांच्या बॅगा बनवणारी एक खोटी कंपनी. किंमत किती, जाहिरात किती, रंग कुठला ते दर आठवड्याला ठरवून संगणकात भरायचं, मग संगणक सांगणार कोण तरलं आणि कोण गाळात गेलं. खर्च जड झाला तर प्रमुखाने एका माणसाला काढायचं. काढलेल्याला दुसऱ्या गटाने घेतलं तर ठीक, नाही घेतलं तर शेवटच्या सादरीकरणाला उभं राहता येत नाही, आणि तो पेपर पुढच्या वर्षी पुन्हा. (आणखी एक नियम होता, सतत तोट्यात जाणाऱ्या कंपनीला स्वतःचा प्रमुख बदलता येतो. तो आपल्याला कशाला लागतोय म्हणून मी नीट वाचला नाही.) आपल्या गटाचा प्रमुख मी झालो. बिनविरोध. तू हात वर केलास आणि बाकीच्यांना तुझ्याकडे बघून करावाच लागला, असं काही लोक म्हणतात, पण लोकांना काय.

तुला काढण्याचं कारण निव्वळ खर्चाचं होतं, हे मी परत एकदा स्पष्ट करतो. आपल्या पहिल्याच बैठकीत, मी फळ्यावर कंपनीचं पुढचं धोरण लिहीत असताना, तू सगळ्यांदेखत "ढब्बू, शर्टाची बटणं वरखाली लागलीयेत" म्हणालीस, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. त्यानंतर आकडे सांभाळणारी ती चष्मेवाली मला "ढब्बू सर" म्हणायला लागली, आणि गटातला तो झोपाळू, जो एरवी कशालाच जागा होत नाही, तो ते ऐकून जागा झाला, त्याचाही नाही. शिवाय तू बॅगा जांभळ्या करा म्हणून हटून बसलीस. का, म्हणून विचारलं तर म्हणे, "मला आवडतो जांभळा." आत्या, याला बाजाराचा अभ्यास म्हणत नाहीत.

काढतानासुद्धा मी शास्त्र सोडलं नाही. मनुष्यबळाच्या सरांनी शिकवलंय की वाईट बातमी दोन कौतुकांच्या मधे ठेवून द्यावी. सकाळी तू दूध तापवत होतीस तेव्हा मी सुरुवात केली. तुझा अनुभव, तुझा उत्साह, तुझ्या हातचा चहा. कौतुक जरा लांबलं हे मान्य. तू खूश होऊन मला अजून एक टोस्ट दिलास आणि म्हणालीस, "मुद्द्यावर ये, दूध वर येतंय." मी म्हणालो, तू आता कंपनीत नाहीस, आणि ताबडतोब दुसरं कौतुक सुरू केलं. तेवढ्यात दूध उतू गेलं. त्या गडबडीत मधलं वाक्य तुला ऐकूच आलं नाही. तू ओटा पुसत "बरं झालं बाई, कुणीतरी चांगलं बोलतंय" म्हणालीस. मला ते वाक्य पुन्हा म्हणावं लागलं, या वेळी आजूबाजूला काही नसताना. तू फडकं पिळलंस आणि विचारलंस, "कामावरून काढतोयस की वयावरून?" मी म्हणालो, "संरचनेवरून." तू "संरचना" असं एकदा स्वतःशीच म्हणालीस, माझ्या ताटलीतला टोस्ट उचललास आणि उभ्याउभ्या खाल्लास.

मला वाटलं विषय संपला. संध्याकाळी बाबांचा फोन.

"तू माझ्या बहिणीला काढलंस?"

"बाबा, खोटंखोटं काढलंय. अभ्यासाचा भाग आहे."

"मग खोटंखोटं परत घे."

"तसं नियमात बसत नाही."

"तिच्या घरात राहून, तिचं खाऊन, तिलाच काढतोस? काय शिकवतात काय रे तिथे?"

मी म्हणालो, व्यवस्थापन. त्यांनी फोन आईकडे दिला. आईने फक्त, जेवलास का, कोणी वाढलं, एवढंच विचारलं. ते जास्त लागलं.

तुला दुसऱ्याच दिवशी शेवटच्या बाकावरच्या गटाने घेतलं आणि आठवडाभरात प्रमुख केलं, हे मी खिलाडूपणे स्वीकारलं. पण त्यानंतर तू जे केलंस ते अभ्यासक्रमात नव्हतं. गुपितं फुटू नयेत म्हणून हॉलच्या मधोमध चिकटपट्टी लावलीस. फ्रिजचे कप्पे वाटलेस (अंडी तुझ्याकडे गेली, मला बर्फ आला). तुझ्या कंपनीची बैठक हॉलमध्ये, चहा-बिस्किटांसकट, आणि माझ्या कंपनीने मात्र ओट्याशी उभं राहून धोरण आखायचं. त्यात झोपाळू पाणी प्यायच्या निमित्ताने तुझ्या बाजूला गेला तो बिस्किटं संपेपर्यंत आलाच नाही. आल्यावर म्हणतो, "सर, तिकडे बसायला आहे."

आणि त्या जांभळ्या बॅगा. संगणकाने त्या आठवड्यात अचानक जाहीर केलं की विमानतळांवर काळ्या बॅगांची अदलाबदल होऊन प्रवासी वैतागलेत, गिऱ्हाइकांना उठून दिसणारा रंग हवाय. आमच्या सगळ्या बॅगा काळ्या होत्या, आणि मी नुकतीच त्यांची किंमत वाढवली होती. हा निव्वळ संगणकाचा लहरीपणा. तू मात्र वर्गात अशी उभी राहिलीस की जणू त्या बॅगांची अदलाबदल तूच करून आलीस. मॅडमनी विचारलं, हे तुम्ही कसं ओळखलंत? तू म्हणालीस, "मला आवडतो जांभळा." आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, हे तू पाहिलं नाहीस. तू तेव्हा मुद्दाम खिडकीबाहेर बघत होतीस.

असो. आज मी रोजच्या कटकटीतून जरा बाजूला होऊन, शांत डोक्याने सगळ्याचा विचार करतोय, आणि माझं मत पक्कं आहे: निर्णय बरोबर होता, पद्धत बरोबर होती, फक्त दूध चुकीच्या वेळी तापलं. माझ्यासारख्या माणसाला कंपन्यांची वाण नाही. उद्याच्या सादरीकरणासाठी तुला मनापासून शुभेच्छा. स्पर्धा आपल्या जागी, नातं आपल्या जागी.

आपला,
प्रमुख
(खाली बघ)

ता. क. "प्रमुख" हा शब्द वरती सवयीने पडला. शुक्रवारी माझ्या गटाने तो दुसरा नियम वाचला. चष्मेवालीने स्वतः सांगितलं, आणि अगदी शास्त्रशुद्ध सांगितलं: "सर, तुम्ही फार छान बोलता. तुम्ही आता प्रमुख नाही, आणि खर्च कमी करायचा म्हणून कंपनीतही नाही. पण बोलता फार छान." पद्धत खरंच प्रभावी आहे. मी "थँक यू" म्हणून जिन्यापर्यंत आलो आणि मग मला कळलं.

ता. क. २. बाकीच्या गटांना विचारून झालं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. आता मी ते सुरू झाल्याबरोबर ओळखतो.

ता. क. ३. तेव्हा तुझ्या कंपनीत एक जागा असेल तर माझा विचार व्हावा. कुठलीही चालेल. मी फळ्यावर लिहीन, तू बोल. जांभळ्याबद्दल माझं आधीचं मत हे पुरेशा माहितीअभावी बनलेलं होतं. उद्या कुठल्याच गटात नसलो तर हे वर्ष वाया जाईल, आणि पुढच्या वर्षी तू पास होऊन गेलेली असशील. त्या बाकावर एकट्याला लाज वाटेल.

ता. क. ४. उत्तर लेखीच दे, नियम तो नियम. पत्ता वेगळा शोधायला नको. मी दाराला टेकून बसलोय, त्यामुळे दार उघडायचं ठरवलंस तर जरा हळू उघड. वर्गात कुणासमोर काय हाक मारायची ते तू ठरव, माझी काही अट नाही.

तुझा,
ढब्बू