टँकर कोण बघणार?

गुरुजी,

तुमची नात माझ्या हाताखाली कामाला आहे. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. गावाकडून निरोप आला, मी तो ऐकला आणि पुन्हा पुस्तकात मान घातली. तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. आता मात्र वाटतं, तुम्ही जगायला हवे होतात. नातीचा विसरलेला डबा घेऊन, धोतराचा सोगा हातात धरून तुम्ही कारखान्याच्या फाटकात उभे आहात, वॉचमन विचारतो आहे, "कुणाकडं जायचंय बाबा?" आणि तुम्हाला माझं नाव घ्यावं लागतं आहे, एवढं मला डोळ्यांनी बघायचं होतं.

दुष्काळाचं ते साल तुम्ही विसरला असाल, मी नाही. मी चौथीत होते. माय आणि बाबा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे आणि मी दुपारच्या सुकडीच्या आशेनं शाळेत यायचे. एकदा तुम्ही वर्गाला तोंडी गणित घातलंत. तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर माझ्या तोंडून निघालं. तुम्ही खुर्चीतून वळून बघितलंत आणि विचारलंत, "कुणाची गं तू?" दोन वर्षं मी तुमच्यासमोर बसत होते, गुरुजी. मी बाबांचं नाव सांगितलं. "म्हंजी भीमनगरातली," तुम्ही म्हणालात, आणि तुमच्या चेहऱ्यावरचं कुतूहल दिवा मालवावा तसं गेलं. "बस खाली." माझं उत्तर बरोबर होतं की चूक, ते तुम्ही सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून स्कॉलरशिपच्या परीक्षेचा जादा वर्ग सुरू झाला. निवडलेली पोरं आत बसली. मी आपण होऊन त्यांच्यात जाऊन बसले, तर तुम्ही मला बाहेरचं लिंबाचं झाड दाखवलंत. "तू तिथं बस. टँकर येताना दिसला की वरडायचं. तेवढं कर." मग ते रोजचंच झालं. आत तुम्ही अपूर्णांक शिकवता आहात, बाहेर मी रस्त्याकडे कान लावून बसले आहे. काही दिवसांत मला बघायचीही गरज उरली नाही. एसटी घाट चढताना कशी कण्हते, खडीचा ट्रक रिकामा असला की कसा खडखडतो, आणि भरलेला टँकर किती जड, दबक्या आवाजात येतो, हे मला डोळे मिटून कळायला लागलं. "टँकर आला!" मी ओरडायचे आणि अख्खं गाव घागरी घेऊन विहिरीकडे धावायचं. टँकर विहिरीत रिकामा व्हायचा, सगळ्यांचं शेंदून व्हायचं, आणि मग कुणीतरी वरून आमच्या बायकांच्या घागरीत पाणी ओतायचं. ओरडणार मी आणि सगळ्यांच्या मागून पाणी मिळणार माझ्या मायला. हे तुम्ही शाळेच्या ओट्यावरून रोज बघत होतात.

परीक्षेच्या दिवशी मायनं पिण्याच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी काढून माझा फ्रॉक धुतला. तो ओलाच अंगात घालून मी एसटीच्या थांब्यावर आले. परीक्षेला आधी नाव पाठवावं लागतं, हे ना मला माहीत होतं ना मायला. तुम्ही पोरांना घेऊन तेरला, परीक्षेच्या गावी, निघाला होतात. मी पायरीवर पाय ठेवला. "तू कुठं निघालीस?" मी म्हणाले, "परीक्षेला." तुम्ही हसलात, गुरुजी. रागावला असतात तर मी कदाचित विसरले असते. हसून म्हणालात, "आन् टँकर कोण बघणार?" पोरं हसली, कंडक्टर हसला, घंटी वाजली. त्या दिवशी टँकर आलाच नाही. मी मात्र संध्याकाळपर्यंत लिंबाखाली बसून होते, कारण तुम्ही सांगितलं होतं.

पुढं मी शिकले. कशी, ते तुम्हाला सांगणार नाही, त्यात तुमचा वाटा नाही. घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले, पुण्याला जाऊन कम्प्युटरचा कोर्स केला, आणि आपल्या भागातल्या सहकारी कारखान्यानं कम्प्युटर घेतला तेव्हा तिथं मला नोकरी लागली. मायला कामाचं स्वरूप सांगताना माझी पुरेवाट झाली. मी सांगितलं, यंत्राच्या पोटात एक मुख्य प्रोग्राम असतो, त्याला कर्नल म्हणतात. "मिलिटरीतला?" माय म्हणाली. मी म्हणाले, तसला नव्हे; यंत्राला जोडलेल्या सगळ्या वस्तूंवर त्याची नजर असते, पण त्यांच्याशी बोलता त्याला येत नाही. प्रत्येक वस्तूची भाषा जाणणारा एकेक छोटा प्रोग्राम असतो, तो ड्रायव्हर. कुठल्या वस्तूला कुठला ड्रायव्हर, ही जोडी कर्नल लावून देतो. माय म्हणाली, "म्हंजी सोयरीक जमिवतोय म्हण की. आन् डायवर दारू पीत न्हाईत ना तिथले?" आमच्या कारखान्यावरचे ट्रकवाले तिला ठाऊक होते.

मी त्या खोलीत शिरले ते मनाशी एक गोष्ट पक्की धरून: यंत्र कुणाला आडनाव विचारत नाही. आडसाली ऊस कुणाचा, पहिली तोड कुणाला, डायरेक्टर कुणाचा पाहुणा, हे त्याला कळत नाही, म्हणून ते न्यायानं वागेल. हसू नका. मी खरंच तसं मानत होते आणि अजूनही बरंचसं मानते.

मग नवा प्रिंटर आला. ऐन गाळपाचा हंगाम, वजनकाट्यावर बैलगाड्यांची रांग, आणि प्रिंटर तीन-चार वेडीवाकडी अक्षरं उमटवून गप्प व्हायचा. सुरू करताना आधी एक कुर्रकन आवाज, मग ती अक्षरं, मग मुकाट. कंपनीचा माणूस पुण्याहून यायला वेळ होता. मी पुस्तकं काढून बसले. आवाजावरून एवढं कळत होतं की प्रिंटर धड आहे, त्याच्याशी कुणीतरी भलत्याच भाषेत बोलतं आहे. चांगला आठवडा गेला तेव्हा उलगडलं. यंत्रात प्रत्येक वस्तूच्या कार्डाला एक जागा असते, त्या जागेला नंबर असतो, आणि त्या नंबराला पत्ताच म्हणतात. कर्नल सुरू होतो तेव्हा त्याच्याजवळ एक तक्ता असतो: अमुक पत्त्यावर अमुक वस्तू, तिला अमुक ड्रायव्हर. आमच्या प्रिंटरचं कार्ड जिथं बसवलं होतं, तिथं पूर्वी टर्मिनलचं, म्हणजे पडदा आणि कीबोर्डचं, कार्ड होतं. तक्त्यात ते तसंच राहिलं होतं. कर्नलनं पत्ता बघितला आणि टर्मिनलचा ड्रायव्हर प्रिंटरच्या गळ्यात बांधला. तू कोण, असं त्यानं प्रिंटरला एकदाही विचारलं नाही.

ते वाचलं आणि मी पुस्तक मिटून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. आडनाव न विचारणारं यंत्र पत्ता बघत होतं. कुणाची गं तू? भीमनगरातली. बस खाली.

पण गुरुजी, पुढचं पानही होतं, आणि ते मला तुम्हाला वाचून दाखवायचं आहे. सगळे ड्रायव्हर तसे नसतात. काही असे असतात की कर्नल त्यांना सांगतो, अमक्या पत्त्यावर तुझी वस्तू असावी, जाऊन बघ. तो ड्रायव्हर तिथं जातो, एक खूण पाठवतो आणि थांबतो. ठरल्यासारखं उत्तर आलं तर "ही माझी" म्हणतो आणि तिला कामाला लावतो. नाही आलं तर हक्क न सांगता मागं सरतो, मग कर्नल दुसऱ्याला पाठवतो. खूण पाठवणं आणि उत्तराची वाट बघणं, बस्स, एवढंच. माणसानं बनवलेल्या मुक्या यंत्राला हे जमतं. तुमच्यापुढं तर मी उत्तर देऊन बसले होते, गुरुजी, तुम्ही विचारायच्या आधीच. मी तक्ता सुधारला, कर्नल नव्यानं बांधला, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, आणि प्रिंटर ओळीमागून ओळ छापत सुटला.

त्यानंतर काही महिन्यांनी खोलीत एक मदतनीस घ्यायचं ठरलं. चीफ अकाउंटंट साहेब म्हणाले, "तुम्हीच बघा, तुम्हालाच त्या मदतनिसाबरोबर काम करायचंय." मुलाखतीला तुमची नात आली. बी.कॉम. झालेली, कानात मोत्याच्या कुड्या, पदर सारखा सावरणारी. नाक तुमचंच. मी ओळखलं होतं, तरी विचारलं, "कुणाची गं तू?" तिनं मान वर करून तुमचं नाव सांगितलं, तुमच्या शाळेचं सांगितलं. वर म्हणाली, "लोक अजून नाव काढतात आजोबांचं." मी म्हणाले, "व्हय, काढतात ना."

वजनकाट्यावरही एक जागा होती, दिवसभर उन्हात उभं राहून आलेल्या गाड्यांचा पुकारा करायची. माझं वाक्य तयार होतं: "तू तिथं उभी राहा. गाडी आली की वरडायचं. तेवढं कर." कितीतरी वर्षं तयार होतं. त्याआधी ती चुकायला हवी होती, नाहीतर मजा नव्हती. मी मुद्दाम यंत्रावर जुना, चुकीचा कर्नल पुन्हा चढवला आणि तिला म्हणाले, "हा प्रिंटर चालत नाही. का, ते सांग." जे शोधायला मला आठवडा लागला होता, ते मी तिला चहा येईपर्यंत शोधायला सांगितलं. तिनं प्रिंटर चालू केला. कुर्रकन आवाज, वेडीवाकडी अक्षरं, मग गप्प. तिनं पुन्हा चालू केला, या वेळी कान जवळ नेऊन. तिला कर्नल ठाऊक नव्हता, ड्रायव्हर ठाऊक नव्हता. घाबरत म्हणाली, "मॅडम, एक विचारू का? आवाज तर धड वाटतो. ह्याच्या आधी ह्या जागी दुसरं काही होतं का?"

ते वाक्य राहूनच गेलं. मी तिला घेतलं. घ्यावंच लागलं, उत्तर आलं होतं.

घरी सांगितलं तर माय कपाळाला हात लावून बसली. "घेतलीस? मग उट्टं कसलं फेडलंस गं?" मी म्हणाले, "ती मला रोज मॅडम म्हणते. मी बस म्हटल्याशिवाय बसत नाही." "अगं बया बया, लई मोठा सूड!" माय म्हणाली आणि हसता हसता तिला ठसका लागला. तिला कळणार नाही. माझा सूड हा आहे, गुरुजी, की तुमच्या रक्ताच्या पोरीला काय येतं, ते मी विचारलं. तुम्ही मला विचारलं नव्हतं. माणूस ओळखायची जी रीत तुम्ही गावाला आयुष्यभर शिकवलीत, ती तुमच्याच नातीपुरती मी मोडली, आणि ती चांगली निघाली हे तुमच्या नाकावर टिच्चून सांगते आहे. ती माझ्याकडून शिकते. तिला जे येईल ते माझं असेल.

हे पत्र प्रिंटरच्या रद्दी कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं आहे. तुमच्यापर्यंत ते पोचणार नाही, पण ते पोचवायचा एक पत्ता मला माहीत आहे: माझ्या समोरचं तिचं टेबल. तिथं ठेवलं की झालं. तुमचं नाव काढणाऱ्यांतली एक कमी होईल. दोनदा घडी करून ठेवायला उठले आणि दोनदा ड्रॉवरमध्ये टाकलं. तुमच्यासाठी नव्हे. तिला अजून प्रिंटरची रिबन नीट बदलता येत नाही, आणि डोळे पुसत रिबन बदलली की बोटांची शाई तोंडाला लागते.

एक गोष्ट राहिली. यंदाही पाणी नाही, आणि कारखान्याच्या वसाहतीला दुपारी टँकर येतो. खोलीच्या काचा बंद असतात, प्रिंटर चालू असतो, तरी दूरवरून तो जड, दबका आवाज मला कळतो आणि मी खुर्चीतून अर्धी उठते. आज तर पुरती उठून खिडकीशी गेले. तुमच्या नातीनं विचारलं, "काय झालं, मॅडम?"

मी म्हणाले, "काही नाही. टँकर आला."