शेवटच्या रांगेपर्यंत

४ जून

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला महिना लावला, आधी कान पकडतो. पण कारण ऐकलंस तर रागावणार नाहीस. आमचं नाट्यगृह उभं राहिलं. खुर्च्या बसल्या, दिवे लागले, पडदा काल आला. पडद्याचा रंग समितीतल्या अकरा जणांनी मिळून निवडला, त्यामुळे तो कुणालाच आवडलेला नाही. मी चिटणीस, म्हणून शिव्या माझ्या वाट्याला.

तुमच्या शहरातल्या लोकांना हे कळणार नाही. इथून पूल ओलांडून तुमच्याकडे नाटकाला यायचं म्हणजे दोन बस बदलायच्या आणि परतीची शेवटची गाठायला तिसरा अंक सोडून उठायचं. आमची माणसं वर्षानुवर्षं दोन अंकांवर भागवत आलीत. कितीतरी नाटकांत पुढे काय झालं हे आम्हाला अजून ठाऊक नाही.

आता मुख्य बातमी. तुझ्या नाटक कंपनीच्या मालकांनी नव्या नाटकाचा पहिला प्रयोग आमच्याकडे करायचं कबूल केलंय. वीस ऑगस्ट, दुपारी चार वाजता. तुझ्या शहरात किती जणांच्या पोटात दुखलं ते सविस्तर कळव.

आईला मी घेऊन जाणार आहे. आमच्याकडे दारापासून खुर्चीपर्यंत एकही पायरी नाही, त्यामुळे तिच्या गुडघ्यांची सबब चालायची नाही. मी तिला समजावलं की प्रॉम्प्टर दिसत नसतो, विंगेत बसून नटाला विसरलेलं वाक्य पुटपुटायचं एवढंच ताईचं काम. तर म्हणाली, दिसली नाही तरी आत बसलीय हे मला माहीत असेल ना, पुरे झालं.

तब्येतीला जप. लोभ आहे तो तसाच राहू दे.

तुझा,
धाकटा

११ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पोटात कुणाकुणाच्या दुखलं ते विचारलंस. यादी लांब आहे. आमचं शहर पंधरा वर्षं नवं नाट्यगृह बांधतंय. कोनशिला तीनदा बसली, तिन्ही वेळा वेगळ्या जागी. तेवढ्यात पुलापलीकडे, जिथे माणसं फक्त झोपायला जातात असं आम्ही समजत होतो, तिथे तुम्ही अडीच वर्षांत इमारत उभी केलीत. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना चहा गोड लागेनासा झालाय.

आमच्या जुन्या नाट्यगृहाचं काय सांगू. बाल्कनी धोक्याची म्हणून बंद. खांबांमध्ये आवाज अडकतो. नट घसा फाडून बोलतात आणि सातव्या रांगेतला माणूस शेजाऱ्याला विचारतो, काय म्हणाला. माझ्या विंगेत तर छपराचं पाणी ठिबकतं, संहितेवर पिशवी धरून बसते. तरी ते आपलं आहे, म्हणून जीव अडकतो.

रविवारी कलाकार संघाची सभा आहे. पहिला प्रयोग पुलापलीकडे गेला तर उद्या सगळंच जाईल, असं व्यवस्थापक सांगत फिरताहेत. मी कोपऱ्यात बसून लोकर विणणार आहे. तू काळजी करू नकोस आणि पडद्याचा रंग मनाला लावून घेऊ नकोस.

आईला नमस्कार, वहिनीला आशीर्वाद. येते आहे, वीस तारखेला.

तुझी,
ताई

२ जुलै

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

आजच्या वर्तमानपत्रात कलाकार संघाचं निवेदन वाचलं. नाटक ही शहराची परंपरा आहे, उपनगराने आधी प्रेक्षक घडवावा आणि मग रंगमंच मागावा, तोवर कुठल्याही कंपनीने तिथे पहिला प्रयोग करू नये, असं त्यात म्हटलंय. खाली चौतीस सह्या आहेत. चौथी तुझी आहे.

दुपारी मालकांचा निरोप आला. वीस ऑगस्टचा प्रयोग रद्द.

समितीत तुझं नाव ओळखणारे तिघं आहेत. त्यांनी मला चहा आणून दिला, इतकंच. निदान मला आधी सांगायचं होतंस. आईपासून पेपर लपवावा असं मनात आलं होतं, पण तिने तो माझ्या आधीच वाचला होता.

बाकी ठीक.

धाकटा

१९ जुलै

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी सांगतेय आणि सूनबाई लिहितेय. माझा हात आता ओळीत राहत नाही.

सतरा दिवस तुझं पत्र नाही, आणि धाकटा घरात तोंड पाडून फिरतोय. तुम्ही लहानपणी खिडकीजवळच्या जागेवरून भांडायचात तेव्हा मी दोघांनाही उठवून स्वतः तिथे बसत असे. आता तेवढं अंगात बळ नाही, म्हणून लिहिते.

सही का केलीस ते मी विचारत नाही. पण एक गोष्ट तुला ठाऊक असावी. हा नगरपालिकेत नकाशे काढतो हे तू जाणतेसच. नाट्यगृहाच्या नकाशात त्याने डाव्या विंगेत प्रॉम्प्टरची जागा काढली होती. कठडा, छोटा दिवा, पाठ टेकायला खुर्ची. हल्ली असं कुणी बांधत नाही, म्हणून वास्तुविशारदाने ती खोडली. याने पुन्हा काढली. त्याने पुन्हा खोडली. तिसऱ्यांदा काढून हा त्याच्या कचेरीत चार तास बसून राहिला, आणि सही घेऊनच उठला. पाणी ठिबकणार नाही ना, हे त्याने तीनदा तपासलंय. तुला सांगू नको म्हणाला होता. मी आता ऐंशीला आले, मला कोण काय करणार.

तुला सुचेल तसं कर. माझा जीव दोघांकडे सारखाच आहे.

तुझी,
आई

(ताई, मधले रागाचे चार शब्द मी गाळलेत. दोन तुम्हाला होते, दोन यांना. नमस्कार. – सूनबाई)

२६ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

रोज कागद पुढे घेत होते आणि रोज उठत होते. आईच्या पत्रानंतर मात्र राहवेना.

कागद फिरत फिरत माझ्यापुढे आला, तीन सह्या होत्या, मी चौथी केली. हजेरीवर करावी तशी. असं तुला लिहिणार होते. पण ते पूर्ण खरं नाही. सही करताना मला थोडं बरं वाटलं. आयुष्य मी रंगभूमीवर काढलं आणि नाट्यगृह बांधलं तू. माझ्या धाकट्या भावाच्या गावाला कोरी इमारत आणि मी पिशवी धरून बसलेली, हे मला सोसत नव्हतं. ते शहराच्या परंपरेवर ढकलता आलं. हे लिहिताना लाज वाटतेय, पण तुझ्याशी खोटं बोलायचं वय गेलं.

बुधवारी संघात जाऊन म्हटलं, माझं नाव काढा. ते म्हणाले, छापून झालं. मग मी वर्तमानपत्राला चार ओळी पाठवल्या की माझी सही मी मागे घेते आणि प्रेक्षक घडवलेला नसतो, आलेला असतो. काल छापून आल्या. संध्याकाळी मालकांनी बोलावलं. ते वाईट नाहीत, दबलेले आहेत. खाली बघत म्हणाले की बाई, काही दिवस विश्रांती घ्या. माझ्या खुर्चीवर उद्यापासून दुसरी मुलगी बसेल. सव्वीस वर्षांनंतर मला सकाळी करायला काही नाही.

तुमची समिती स्वतःच नाटक बसवतेय असं कानावर आलं. औषधांचे दुकानवाले न्यायाधीश होणार आहेत म्हणे. ते चिठ्ठी वाचूनही चुकीची गोळी देतात, हे तूच लिहिलं होतंस. त्यांना पुटपुटायला कुणी आहे का? नसेल तर मी रोज दुपारच्या बसने येईन. तू माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल, संहिता दे.

तुझीच,
ताई

२२ ऑगस्ट

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा प्रयोग संपल्यावर मी विंगेत आलो तर खुर्ची रिकामी. साडेसहाच्या बसमध्ये तुला चढताना पाहिलं असं तिकीटवाले म्हणाले. तीन आठवडे रोज आलीस, बारा अडाण्यांकडून पाठ करून घेतलंस, आणि टाळ्यांच्या वेळी निघून गेलीस. का गेलीस ते मला कळतं. म्हणून कठड्याच्या पलीकडे काय झालं ते लिहितो, कारण तुला तिथून हशाच ऐकू आला असणार.

दुसऱ्या अंकात औषधवाले अडले. तू नेहमीसारखं हळूच वाक्य दिलंस, ‘त्या दिवशी मी घरीच होतो.’ ताई, ते सगळ्यांना ऐकू गेलं. औषधवाले सोडून सगळ्यांना. तू दुसऱ्यांदा दिलंस, तेही गेलं. तिसऱ्या वेळी मागच्या रांगांनी ते त्यांना एकसुरात सांगितलं. हसले लोक, पण टवाळीने नाही. आई तर दोन्हीकडच्या शेजारणींना सांगत होती की हा आमच्या थोरलीचा आवाज. जिला दारावरची घंटा ऐकू येत नाही, तिलाही ते ऐकू गेलं.

काल शहरातल्या पेपरने लिहिलं की उपनगराच्या नाट्यगृहात सर्वांत स्पष्ट बोलली ती प्रॉम्प्टर. ते वाचून तू जेवली नसशील. पण त्या लेखकाला एक गोष्ट समजली नाही, ती तुझ्या मालकांना समजली. ते शेवटच्या रांगेत टोपी ओढून बसले होते. आज सकाळी घरी आले. म्हणाले, पुटपुटणं जर तिथवर पोहोचतं तर माझ्या नटांना यापुढे ओरडायला नको. तीस वर्षं मी त्यांच्याकडून प्रेमाची वाक्यं किंचाळून घेतली. संघ काय म्हणायचं ते म्हणो, मला दहा ऑक्टोबरची तारीख द्या. मी दिली.

आता अवघड तेवढं. मी हौसेने केलेली जागा कामाची नाही. ज्या नाट्यगृहात कुजबूज लपत नाही तिथे प्रॉम्प्टर बसू शकत नाही, हे मालकही म्हणाले आणि मलाही दिसतंय. नकाशा काढताना आवाजाचा विचार दुसऱ्यांनी केला, मी फक्त खुर्चीचा केला. तुझं काम मीच घालवलं असं वाटतं. मालक तुला भेटायला येणार आहेत. ऐकून घे आणि त्यांना चहा दे, बिचारे घाबरलेत.

राग असेल तर लिहून पाठव, पण पाठव.

तुझा,
धाकटा

११ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

काल तुझ्याशी बोलता आलं नाही, भोवती फार माणसं होती. आमचे व्यवस्थापकसुद्धा पूल ओलांडून आले होते. तुझा पडदा भडक आहे आणि आमचं नवं नाट्यगृह होईल त्यात तुमच्यापेक्षा दोनशे खुर्च्या जास्त असतील, असं मला दोनदा सांगून गेले. चौथी कोनशिला लवकरच बसेल.

मालकांशी ठरलं ते ठीक चाललंय. तालमीला रोज जाते, एकेका नटाला समोर बसवून वाक्यं पक्की करून घेते. प्रयोगाच्या दिवशी मला काम नाही. तू काही घालवलं नाहीस, मनातून काढून टाक.

तू मला आईशेजारी बसवलंस तेव्हा हात कुठे ठेवावेत कळेना. संहिता नाही, दिवा नाही. सुरुवातीला माझे ओठ आपोआप हलत होते, तर आईने माझ्या गुडघ्यावर चापट मारली. मग गप्प बसले आणि पाहिलं. आमच्या मुख्य नटीला मी तिच्या पहिल्या भूमिकेपासून ओळखते. तिचा श्वास कुठे अडतो, कुठल्या शब्दाला ती अडखळते, सगळं ठाऊक. पण विंगेतून मला तिचा डावा कानच दिसायचा. काल ती बापाला निरोप देते त्या जागी पुढे आली आणि समोर बघून हसली. ती अशी हसते हे मला माहीत नव्हतं. तिसरा अंक संपेपर्यंत मी त्या सगळ्यांचे चेहरे पाहत बसले, आणि वाक्यं ऐकायची राहूनच गेली.

पुढच्या प्रयोगाला आईच्या शेजारची तीच जागा ठेव. घरात सर्वांना आठवण सांग, आणि माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई